मल्लखांबाचे मूळ: कोठुरे, सप्तशृंग गड आणि दोन जन्मकथा

मल्लखांब या नावात मल्ल आहे आणि खांब आहे. या विद्येच्या उगमाचा वाद मुळात एवढाच आहे, की यांपैकी कोणाचे वय मोजायचे. खांबाचे मोजले तर मागे जाता जाता कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत पोचता येते. त्यावर आज शिकवली जाणारी विद्या मोजली, तर वाट नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या कोठुरे गावी येऊन थांबते. बाळंभटदादा देवधर हे याच गावचे. त्यांचा जन्म १७८० चा आणि मृत्यू १८५२ चा मानतात. महाराष्ट्रातल्या तालमींत मल्लखांबाचे आद्य गुरू म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

तालमीतल्या पोरांना सांगितली जाणारी हकीकत थोडक्यात अशी. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले. गावोगावची मैदाने मारत आलेल्या या जोडीने पुण्यात आव्हान दिले. त्यांच्यासमोर उतरायला कोणी तयार होईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी विडा उचलला आणि तयारीसाठी सवड मागून घेतली. ते वणीजवळच्या सप्तशृंग गडावर जाऊन अनुष्ठानाला बसले. तिथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावरच्या पकडी दाखवल्या. त्या घोटून बाळंभट पुण्याला परतले आणि त्यांनी गुलाबला चीत केले. ते पाहून अलीने लढायचेच सोडले.

या हकीकतीला फाटेही आहेत. कोणी सांगतात, मारुती स्वप्नात आला. कोणी सांगतात, गडावरच्या झाडांवर माकडांच्या उड्या आणि कोलांट्या पाहता पाहता बाळंभटांना ही युक्ती सुचली. दुसरे सांगणे आजच्या माणसाला पटायला सोपे जाते, एवढ्यावरून ते अधिक खरे ठरत नाही. कळवण तालुक्यातल्या या गडावर माकडे आजही हवी तेवढी आहेत आणि मारुतीची भक्ती प्रत्येक तालमीत आहे. त्यामुळे दोन्ही सांगण्यांना लागणारे सामान तिथे हाताशीच होते. गडावरच्या अठरा हातांच्या देवीवर वर्षानुवर्षे शेंदराचे लेप चढत गेले होते. २०२२ मध्ये ते काढल्यावर खालचे मूळ रूप दिसले. मल्लखांबाच्या जन्मकथेवरही असेच लेप आहेत, आणि ते उतरवताना आतल्या मूर्तीला धक्का लागू नये एवढी काळजी इतिहास लिहिणाऱ्याने घ्यायला हवी.

आतली मूर्ती ठोस आहे. दुसरा बाजीराव डिसेंबर १७९६ मध्ये पेशवा झाला आणि जून १८१८ मध्ये त्याने जॉन माल्कमसमोर शरणागती पत्करली. कुस्ती झाली असेल तर ती याच काळात. बाजीरावाचा नाशिकशीही जुना संबंध होता. वडील राघोबादादा वारल्यावर त्याची आई आनंदीबाई मुलांसह काही काळ गोदाकाठच्या आनंदवल्लीत राहत होती आणि १७९४ मध्ये ती तिथेच वारली. म्हणजे पेशव्याचे पोरवयातले काही दिवस आणि बाळंभटांचे बालपण एकाच नदीच्या काठी, थोड्याच कोसांच्या अंतराने गेले. हकीकतीतली माणसे, गावे आणि काळ असे एकमेकांशी जुळतात. दैवी दृष्टांत हा श्रद्धेचा भाग, पण बाळंभट नावाचा गुरू होता आणि त्याने शिष्य घडवले याबद्दल वाद नाही. शिष्यांची नावे आहेत, त्यांचे आखाडे आहेत, त्यांच्या शिष्यांचेही शिष्य आहेत.

वाद सुरू होतो तो संस्कृत पोथ्यांपासून. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या नावानेही ओळखला जातो. अन्नपाण्यापासून हत्तींच्या झुंजीपर्यंत राजाने करायच्या नि पाहायच्या सगळ्या गोष्टी त्यात आल्या आहेत. मल्लखांबाच्या माहितीपत्रकांत या ग्रंथाचे साल बहुधा ११३५ असे छापलेले असते. ग्रंथात मात्र शके १०५१ चा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सन ११२९-३०. त्यातल्या मल्लविनोदाच्या भागात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग पाडले आहेत, त्यांना काय खायला घालायचे ते सांगितले आहे आणि त्यांच्या मेहनतीचे प्रकार दिले आहेत. त्या प्रकारांत भार उचलणे आहे, चालणे आहे, पाण्यातली मेहनत आहे आणि स्तंभश्रमही आहे.

स्तंभश्रम म्हणजे खांबावरची मेहनत. हा एक शब्द हाती धरून मल्लखांब नऊशे वर्षांचा आहे असे सांगितले जाते. शब्द खरा आहे आणि महत्त्वाचाही आहे. मराठी बोलल्या जाणाऱ्या मुलखावर राज्य करणाऱ्या राजाच्या ग्रंथात पहिलवान खांबाशी झटत होते, हे त्याने सिद्ध होते. पण त्यापलीकडे हा शब्द फारसा जात नाही. डंबेल्स आणि जोर-बैठका दोन्ही ‘व्यायाम’ म्हणवतात, म्हणून त्यांचा उगम एक होत नाही. स्तंभश्रमात खांब कवळणे असेल, ढकलणे असेल, चढउतारही असेल. आज मल्लखांबावर जे उड्या-पकडींचे गुंतागुंतीचे शास्त्र आहे, ते सगळे त्या चार अक्षरांत कोंबणे म्हणजे सोमेश्वराच्या तोंडी नसलेले शब्द घालणे होय.

याहून बोलका पुरावा ‘मल्लपुराण’ या दुसऱ्या पोथीत आहे. भो. ज. सांडेसरा आणि र. ना. मेहता यांनी ती संपादून १९६४ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून छापली. गुजरातेतल्या मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचे, म्हणजे जेठी पहिलवानांचे हे पुराण. मेहनतीच्या प्रकारांत त्यातही स्तंभश्रम आहे. पण नाशिकच्या वाचकाने थांबावे ते त्याच्या जन्मकथेपाशी. त्या कथेत मल्लविद्या एका ब्राह्मणाला मिळते, ती देतो साक्षात श्रीकृष्ण, आणि त्या विद्येची नि मल्लांची राखण करते लिंबजा देवी. आता कोठुऱ्याची हकीकत शेजारी ठेवावी. इथेही विद्या घेणारा ब्राह्मण आहे, देणारा देव आहे आणि जागा देवीची आहे. पहिलवानी करणाऱ्या ब्राह्मणाला धर्माचे पाठबळ लागत असे, आणि विद्या देवाने दिली म्हटले की ते आपोआप मिळत असे. मल्लपुराणातून बाळंभटांची कथा उचलली गेली असा याचा अर्थ नव्हे. मल्लविद्येची जन्मकथा कशी सांगायची याचा साचा या देशात आधीच तयार होता, आणि सप्तशृंगाची हकीकत त्या साच्यात सहज बसली, एवढेच यातून निघते.

आणखीही पुरावे पुढे केले जातात. सातव्या शतकातला चिनी प्रवासी ह्यूएन त्संग याने प्रयागला नदीपात्रात एक खांब पाहिल्याचे लिहिले आहे. त्यावर तपस्वी चढत. एक हात आणि एक पाय खांबाला, उरलेले अंग हवेत ताणलेले आणि नजर सूर्यावर, अशा स्थितीत ते दिवस मावळेपर्यंत राहत. वाचताना डोळ्यांसमोर मल्लखांबावरचा ताजवा, म्हणजे तोलाचा प्रकार, उभा राहतो खरा. पण ते तप होते. त्यात कुस्ती नव्हती, वेग नव्हता, आणि शरीर घडवणे तर नव्हतेच. खांबावरची कसरत माणसाने ठिकठिकाणी आपापली शोधली आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या काळातल्या शिल्पपटांवर उंच काठीवर खेळ करणारे कसरतपटू कोरलेले आहेत. आपल्याकडे डोंबारी आणि कोल्हाटी वेळूवर चढून खेळ करत आले आहेत. मल्लखांबाला यातले कोणाचे काही मिळाले असेल, तर गावच्या चौकात खेळ मांडणाऱ्या डोंबाऱ्यांकडूनच मिळण्याचा संभव सर्वांत जास्त आहे. या शक्यतेचा उल्लेख तालमीच्या इतिहासांत क्वचितच होतो. मानाच्या विद्येने डोंबाऱ्याचे ऋण मान्य करायला हवे होते.

विद्या जुनी आणि देवदत्त असल्याचे सांगण्याची हौस फक्त आपलीच नाही. कराटेच्या उगमाचा वाद यासाठी लक्षात घेण्यासारखा आहे. जपानच्या दक्षिणेकडे रयुक्यू बेटे आहेत, त्यांतले मोठे बेट ओकिनावा. तिथल्या राजाचे चीनशी शतकानुशतके नजराण्याचे आणि व्यापाराचे संबंध होते. फुजियान प्रांतातली चिनी घराणी तिथल्या नाहा शहराजवळच्या कुमे वस्तीत येऊन राहिली होती. बेटावरच्या हातघाईच्या विद्येला म्हणतच ‘तांग हात’, म्हणजे चिनी हात. एकोणिसाव्या शतकात हिगाओन्ना कानर्यो चीनमधल्या फूचौला जाऊन ती शिकून आला. इतके सगळे चीनकडे बोट दाखवत असताना ही विद्या थेट बोधिधर्मापर्यंत नेणारी कथा रूढ झाली. बोधिधर्म हा कांचीचा राजपुत्र चीनला गेला, त्याने शाओलिन मठातल्या भिक्षूंना व्यायाम शिकवला, त्यातून चिनी युद्धविद्या झाली आणि तिच्यातून कराटे, अशी ती साखळी. भारतीय वाचकाला ही कथा फार आवडते, कारण तिचे पहिले टोक आपल्याकडे आहे. पण ती ज्या ‘यिजिन जिंग’ ग्रंथाच्या आधारावर उभी आहे, तो सतराव्या शतकातला आहे, बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी आलेला. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने १९३० च्या सुमारास हे उघड केले. ओकिनावाचे गुरू इतोसू आंको यांनी तर १९०८ मध्येच लिहून ठेवले होते, की कराटे बौद्ध धर्मातून किंवा कन्फ्यूशियसच्या मतातून आलेले नाही. पुढे २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा इथे भरलेल्या गुरूंच्या बैठकीत ‘चिनी हात’ मागे पडून तसाच उच्चार असलेला ‘रिकामा हात’ हा अर्थ स्वीकारला गेला. जपानमध्ये त्या वेळी चीनविरोधी वारे वाहत होते. त्यात नावातला चीन पुसला गेला.

या उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. उगमाची कथा पुष्कळदा उगमाविषयी कमी आणि सांगणाऱ्याच्या काळाविषयी जास्त बोलते, ही एक. दुसरी अशी की, देणे-घेणे खरोखर झाले का हे पाहायचे तर पुराणात न शिरता पकडी, हत्यारे, उपकरणे आणि गुरूंची नावे पाहावी. कराटेत जमिनीत रोवलेली, गवताची दोरी गुंडाळलेली माकिवारा नावाची फळी असते, तिच्यावर ठोसे मारून हात कणखर करतात. दक्षिण चीनमधल्या विंग चुन पंथात लाकडी हात-पाय जोडलेला खांब असतो, त्याच्याशी झुंजीचा सराव करतात. मल्लखांब याच जातीचा: जोडीदार नसला तरी समोर उभा असलेला, न थकणारा, न हटणारा प्रतिस्पर्धी. फरक असा की चिनी आणि ओकिनावी खांब मार खाण्यासाठी असतात आणि मल्लखांब कवेत घेण्यासाठी असतो. कारण आपला मल्ल ठोसेबाज नव्हता, कुस्तीगीर होता.

खांबाची घडणही हेच सांगते. पुरलेला मल्लखांब बहुधा सागवानी किंवा शिसवी असतो आणि जमिनीवर साधारण साडेआठ-नऊ फूट राहतो. त्याचे तीन भाग. खालपासून वर निमुळते होत जाणारे अंग, त्यावर बारीक मान आणि मानेवर गोल बोंड. म्हणजे शरीराचीच नावे. त्याला एरंडेल चोळतात, त्यामुळे लाकूड गुळगुळीत राहते आणि कातडी सोलवटत नाही. हात घसरू नये म्हणून वर राळेची भुकटी लावतात. जुन्या खांबाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाने आणि घामाने काळसर तकाकी आलेली असते. शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी साधी अढी देतात. खांब दोन्ही हातांनी काखेशी कवळायचा, अंग झोकून पाय वर न्यायचे, खाली डोके वर पाय अशा स्थितीत दोन्ही मांड्यांनी खांब आवळायचा. मांडी ढिली पडली की पोरगे घसरत खाली येते, आणि खांबाला दोष देता येत नाही. अढी हा शब्द कुस्तीतही आहे. पायांचा विळखा घालून प्रतिस्पर्ध्याला जखडणे असा त्याचा अर्थ. पुढे तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, झाप, ताजवे असे प्रकार येतात.

बाळंभटांचे श्रेय इथे दिसते. सुटी कसरत कोणीही करते. तिच्या पकडी वेगळ्या काढून, त्यांना नावे देऊन, सोप्याकडून अवघडाकडे क्रम लावून शिष्याला शिकवता येईल असा अभ्यासक्रम उभा करणे हे गुरूचे काम. सगळी नावे त्यांनीच दिली असे म्हणता येणार नाही, पुढच्या पिढ्यांनी भर घातली. पण या नावांची मराठी धाटणी आणि गुरुपरंपरेचे टोक दोन्ही उत्तर पेशवाईकडेच नेतात. चालुक्यांच्या स्तंभश्रमापासून उत्तर पेशवाईपर्यंत अशी सलग गुरुपरंपरा दाखवता येत नाही. बाळंभटांपासून आजपर्यंत ती दाखवता येते. म्हणून ‘जुन्या विद्येचे पुनरुज्जीवन’ या नेहमीच्या शब्दांपेक्षा ‘जुन्या खांबावर नवी विद्या’ हे वर्णन अधिक न्याय्य वाटते.

१८१८ नंतर बाजीराव आठ लाखांचा तनखा घेऊन कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला गेला. त्याच्याबरोबर मराठी माणसांचा मोठा लवाजमा गेला, त्यात बाळंभटही होते. राज्य बुडाले आणि त्यामुळेच मल्लखांब उत्तरेत पोचला. बिठूरच्या वाड्यात नानासाहेब वाढले, मोरोपंत तांब्यांची मनू म्हणजे पुढची झाशीची राणी वाढली, आणि तात्या टोपेही तिथेच वाढले. तात्यांचे मूळ गाव येवला, म्हणजे तेही नाशिक जिल्ह्यातलेच. ही तिघेही बाळंभटांच्या हाताखाली मल्लखांब शिकली असे परंपरा सांगते. सत्तावनच्या वीरांशी नाव जोडले गेल्याने पुढे राष्ट्रीय चळवळीच्या काळात मल्लखांबाला वेगळीच प्रतिष्ठा आली. कोंडभटनाना गोडबोले आणि दामोदरगुरू मोघे या शिष्यांनी ही विद्या काशीकडे नेली. उज्जैनचा अच्युतानंद गुरू आखाडा आणि बडोद्याची जुम्मादादा व्यायामशाळा ही नंतरची मोठी केंद्रे. बडोद्याची गादी प्राध्यापक माणिकराव यांनी चालवली आणि तिथून महाराष्ट्रभर व्यायामशिक्षक गेले.

जमिनीत पुरलेल्या खांबाबरोबर वेताचा मल्लखांबही होता. आढ्याला टांगलेल्या लवचिक वेतावर करायच्या कसरतींत पकड आणखी बारीक लागते. चांगला लांब वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमट्यात दोरी पकडून वर सरकणाऱ्या मुली आज प्रात्यक्षिकांत सर्वांत जास्त टाळ्या घेतात. तालमीत मुलींना मज्जाव होता त्या काळाचा विचार केला, तर हा बदल जन्मकथेइतकाच मोठा आहे.

मल्लखांब तालमीतून छापील पानावर आला तो बडोद्याला. द. चिं. मुजुमदार यांनी संपादलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोश’ या १० खंडांच्या मराठी ग्रंथाचे प्रकाशन १९३६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली, त्यांत मल्लखांब होता. नाहाची बैठकही त्याच वर्षीची. आपली विद्या जगासमोर कोणत्या नावाने आणि कोणत्या वंशावळीने मांडायची, हा प्रश्न तेव्हा जपानप्रमाणे महाराष्ट्रापुढेही होता. ओकिनावाने नाव बदलले. आपण नाव ठेवले आणि वंशावळ मागे मागे नेत राहिलो.

स्वातंत्र्यानंतर हा खेळ आधी जिम्नॅस्टिक्सच्या आश्रयाने वाढला. राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत १९६२ मध्ये ग्वाल्हेरला मल्लखांबाची स्पर्धा झाली. १९८१ मध्ये उज्जैनला अखिल भारतीय महासंघ उभा राहिला, गुणांचे नियम ठरले. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. ज्या राज्यात कोठुरे आहे त्याने हा मान आधी द्यायला हवा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. परदेशी खेळाडूंच्या तोंडी अढी, दसरंग हे मराठी शब्द तसेच होते. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी हा खेळ देशोदेशी नेला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थांत आजही खांबाला एरंडेल चोळले जाते. पण मल्लखांबाचा नाशिक जिल्ह्यातला इतिहास बऱ्याच अंशी तोंडीच राहिला आहे. कोठुरे, निफाड, येवला, वणी, पंचवटी या भागांतल्या घरांत तालमींच्या जुन्या वह्या, गुरूंची पत्रे, जत्रेतल्या कुस्त्यांचे हिशेब किंवा प्रात्यक्षिकांची छायाचित्रे माळ्यावर पडली असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून पुस्तके नि पोथ्या सांभाळत आले आहे. या कागदांच्या निदान प्रती तरी तिथे पोचवाव्यात. वयस्कर वस्तादांकडून पकडींची नावे आणि कोणाकडून शिकलो ती साखळी आजच उतरवून घ्यावी.